पाण्याने घडवलेलं लोखंड

दोडामार्ग मागे टाकून डिचोलीकडे निघालं की थोड्याच वेळात काही डोंगर खोटे वाटू लागतात. माथा सपाट, उतार सगळीकडून एकाच कोनात, आणि अंगावर एकाच जातीची, एकाच वयाची झाडं. ऑस्ट्रेलियन बाभूळ. कोकणातला डोंगर इतका शिस्तीचा नसतो. त्याच्यावर किंजळ असते, ऐन असतो, मध्येच काजू, करवंदीच्या जाळ्या, एखादा उघडा सडा. हे शिस्तीचे डोंगर माणसाने रचलेत. खाणीतून निघालेली पण गिऱ्हाईक न मिळालेली माती आणून ओतली, पायऱ्या पाडल्या, पावसात वाहून जाऊ नये म्हणून बाभळी लावल्या. गोव्यात याला सरळ 'डंप' म्हणतात. एक टन लोहखनिज हाती यायला इथे साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. त्यामुळे एक डोंगर बोटीत बसून जपानला गेला की अडीच-तीन डोंगर इथेच मुक्कामाला राहतात.

डंप रस्त्यावरून दिसतात, खड्डे दिसत नाहीत. साखळीच्या दत्ताला येणारे, हरवळ्याच्या धबधब्याखाली फोटो काढणारे, मयेच्या तळ्यात होडी वल्हवणारे आपले लोक काही थोडेथोडके नाहीत. पण या सगळ्याच्या मधल्या पट्ट्यात डोंगरमाथ्यापासून निघून थेट खोल उतरलेल्या खाणी आहेत, त्यांतल्या काहींचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेलाय, हे त्यांच्या गावी नसतं. मला त्यातला एक खड्डा आतून पाहायचा होता. दिवाळी उलटल्यावर, पाऊस पुरता आटोपल्यावर, रीतसर परवानगी काढून गेलो. खाणीचं नाव मुद्दामच देत नाही. ती लीज, लिलाव आणि खटले यांच्या गुंत्यात आहे, आणि मला त्या गुंत्यात शिरायची हौस नाही.

बरोबर भाऊ होते. खाणीच्या सर्व्हे विभागात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. आधी मोजणीची साखळी ओढली, मग दुर्बिणीमागे उभे राहिले. गावात लहानथोर सगळे त्यांना भाऊच म्हणतात, म्हणून मीही. फाटकातून आत गेल्यावर उजव्या हाताला ट्रक तोलायचा काटा, त्याच्या काचा फुटलेल्या. पुढे टायर काढून घेतलेले दोन टिपर आणि छप्पर गेलेली कचेरी. भाऊ तिथे थांबलेच नाहीत. "ह्यात काय बघायचंय? खाली चला," म्हणाले.

खाली जायचा रस्ता म्हणजे ट्रकांसाठी खड्ड्याच्या कडेने वळसे घेत उतरवलेला रॅम्प. त्याच्यावरून चालत उतरणं म्हणजे भूशास्त्राचं पुस्तक शेवटच्या पानापासून वाचत जाणं. सगळ्यात वर जांभा. तो आपल्या ओळखीचा, कोकणातल्या घरांचे चिरे त्याचेच. लालसर, पिवळसर, अंगभर भोकं. त्याच्याखाली जड, गडद तपकिरी ढेकळं. हा 'लम्प', पूर्वी याला सगळ्यात जास्त मागणी असे. त्याच्याखाली भिंतीचा रंग बदलतो. लाली कमी होते, पोलादी करडेपणा येतो, आणि खडकात आडवे पातळ पापुद्रे दिसू लागतात. खाणकामगार याला 'बिस्किटी' म्हणतात. नाव चपखल आहे. मी एक तुकडा उचलला. वजनाने हात खाली गेला, आणि अंगठ्याने दाबल्याबरोबर तो पापुद्र्यांतून मोडला. आतून चकचकीत निळसर करडा. इतका जड दगड इतका ठिसूळ कसा, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर पडतोच, आणि या सगळ्या खाणीचं रहस्य त्या एका प्रश्नात आहे.

आणखी खाली तर दगड उरतच नाही. भुगा. ओली असताना काळसर, सुकली की निळी झाक मारणारी बारीक पूड. हिला खाणीत सगळे 'ब्लू डस्ट' म्हणतात. हात घातला की कोपरापर्यंत जातो. भाऊंनी कचेरीजवळ पडलेल्या जुन्या चिनी मातीच्या फ्यूजचा तुकडा खिशात घातला होता. त्याच्या फुटक्या, झिलई नसलेल्या कडेवर त्यांनी बिस्किटाचा करडा तुकडा घासला. रेघ उमटली ती गडद लाल, वाळल्या रक्ताच्या रंगाची. हेमॅटाइटची ही जुनी परीक्षा: वरून कसाही दिसो, रेघ लालच. मग लोहचुंबक काढलं. पुडीतले काही कण त्याला चिकटले, बाकीचे चिकटले नाहीत. चिकटले ते मॅग्नेटाइटचे अवशेष. मूळ खडकात बरंचसं लोखंड मॅग्नेटाइटच्या रूपात होतं. हवा-पाण्याने त्याचं हेमॅटाइट होत गेलं. काही कणांचा आकार अजून मॅग्नेटाइटच्या अष्टफलकाचा आहे आणि आतला माल मात्र हेमॅटाइटचा.

मूळ खडक पाहायला भाऊ मला भिंतीच्या एका कोपऱ्यात घेऊन गेले. तो यंत्रांनी सोडून दिला होता, कारण तो विकत कुणी घेत नाही. करड्या आणि पांढुरक्या-लाल रेघा एकाआड एक, काही कागदाएवढ्या पातळ, काही बोटभर जाड, आणि सगळ्या रेघा वळ्या पडून दुमडलेल्या. हा पट्टेदार लोहखडक. करडा पट्टा लोखंडाचा, फिका पट्टा सिलिकाचा, म्हणजे गारेचा. भूशास्त्रज्ञ गोव्यातल्या या जुन्या खडकांना 'गोवा समूह' म्हणतात. कर्नाटकातल्या धारवाड खडकांचंच हे पश्चिमेकडचं भावंड. वय सांगायचं तर अडीचशे कोटी वर्षं किंवा त्याहून जास्त. ज्या सह्याद्रीला आपण 'राकट देशा, कणखर देशा' म्हणून पुरातन समजतो त्याचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. या रेघांपुढे तो कालचा पोर.

त्या काळी हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हता. त्यामुळे लोखंड समुद्राच्या पाण्यात विरघळून राहू शकत होतं. आज तसं राहू शकत नाही, लगेच गंजून तळाला बसतं. पुढे सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्म जीव ऑक्सिजन सोडू लागले, तो लोखंडाशी संयोग पावला आणि थरांवर थर साचत गेले. मध्येमध्ये सिलिकाचे थर. लोखंड, सिलिका, लोखंड, सिलिका. जगातलं बहुतेक लोखंड अशाच थरांतून येतं, गोव्याचंही. पुढे डोंगर उभे राहताना हे थर दाबले गेले, दुमडले. कोपऱ्यातल्या वळ्या त्या दाबाच्या.

पण या पट्टेदार खडकात लोखंड जेमतेम तीस-पस्तीस टक्के. एवढ्यावर गोव्यातून बोट भरून नेणं कुणालाच परवडलं नसतं. त्याचं साठ टक्क्यांचं खनिज झालं ते पावसाने. पश्चिम किनाऱ्यावरच्या उष्ण हवेत, दरसाल कोसळणाऱ्या पावसाने, कोट्यवधी वर्षं या खडकातून पाणी झिरपत राहिलं. सिलिका पाण्यात फार सावकाश विरघळते, पण विरघळते. लोखंड जवळपास विरघळतच नाही. पाण्याने सिलिका नेली, लोखंड ठेवलं. फिके पट्टे नाहीसे झाले, त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, करडे पट्टे एकमेकांवर टेकून उभे राहिले. तेच बिस्किट. जिथे सिलिका पूर्ण गेली तिथे पट्टेही विस्कटले आणि ब्लू डस्ट झाली. म्हणून तो दगड जड असून ठिसूळ. लोखंडाने भरलेला आणि पोकळही.

आता या पोकळ्यांचं काय झालं असेल? त्यांत पाणी भरलं. याहून सोपं उत्तर नाही, आणि खाणीच्या हिशेबात याहून दुर्लक्षित गोष्टही नाही. खनिजाच्या खाली फिलाइट नावाचा खडक कुजून झालेली गुलाबी चिकणमाती असते, कुठे मँगनीजने काळी पडलेली. ती पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणजे वर पाणी पिणारा जांभा, मध्ये पाणी साठवणारा लोखंडाचा भुगा, खाली पाणी अडवणारी माती. डोंगराच्या कुशीत जिथे ही चिकणमाती उघडी पडते तिथे झरा फुटतो, झऱ्याच्या खाली पाट, पाटाखाली कुळागर: पोफळी, केळी, मिरवेल, जायफळ. या भागातली जुनी गावं पाहा, घरं आणि कुळागरं डोंगराच्या नेमक्या त्या रेषेला चिकटून आहेत. "उदक खंयसून येता तें आमकां खबर आशिल्लें," भाऊ म्हणाले. "कशामुळे येतं ते मायन खणल्यावर कळलं."

हे खनिज काढायची रीत अवघड नव्हती, आणि तोच घात झाला. भुगाच तो, सुरुंगाची फारशी गरज पडत नाही. रिपर लावलेला डोझर माती सैल करतो, एक्स्कॅव्हेटर बादलीने उचलतो, टिपर वर नेतो. खड्डा सरळ खोदला तर भिंती कोसळतील, म्हणून सहा-सात मीटर उंचीच्या पायऱ्या सोडत खाली जायचं. यांना 'बेंच' म्हणतात. जून ते सप्टेंबर काम बंद. ऑक्टोबरात खड्डा तुडुंब भरलेला, म्हणून आधी पंप. तळाशी एक खोलगट जागा ठेवायची, तिला 'संप' म्हणायचं, सगळं पाणी तिथे गोळा करायचं आणि रात्रंदिवस उपसत राहायचं. जसजसा खड्डा भूजलाच्या खाली गेला तसतसा हा उपसा पावसाच्या पाण्यापुरता राहिला नाही. खनिज खोदणं म्हणजे पाण्याची टाकी खोदणं, कारण दोन्हींचा थर एकच. आजूबाजूच्या विहिरी फेब्रुवारी-मार्चमध्येच तळ दाखवू लागल्या. मग खाणवाल्यांचे टँकर गावात येऊ लागले. तहान त्यांनीच लावायची आणि पाणीही त्यांनीच पाजायचं. लईराई देवीचं शिरगाव, जिथे जत्रेत 'धोंड' म्हणवणारे भक्त निखाऱ्यांवरून चालतात, त्या गावच्या आटलेल्या पाण्याचा प्रश्न तर उच्च न्यायालयापर्यंत गेला.

काढलेलं सगळंच तसंच्या तसं विकलं जात नसे. ते आधी धुतलं जाई. चाळायचं, फिरत्या पात्यांच्या लांबट टाक्यांत घुसळायचं, पाण्याबरोबर चिकणमाती निघून जाऊ द्यायची. खाली राहिलेलं जड ते 'फाइन्स', म्हणजे विकायचा माल. वाहून गेलेला लाल चिखल बांध घातलेल्या तळ्यात. बांध पक्का असला तर ठीक. पावसात फुटला तर तो चिखल खालच्या शेतात, आणि भाताच्या खाचरात एकदा तो बसला की जमीन वाळल्यावर विटेसारखी कडक होते.

मग ट्रक. साधारण दहा टनांचा एक, आणि नदीकाठच्या जेटीपर्यंत एकामागे एक अशी रांग. सारमानस, आमोणे इथल्या जेट्यांवर माल बार्जमध्ये पडे. दोन हजार टनांची बार्ज भरायची तर दोनशे ट्रक रिकामे व्हावे लागत. पुढे मांडवीने मुरगाव. मोठ्या जहाजांना बंदरात खोली पुरत नसे, त्यामुळे काही माल समुद्रातच उभ्या जहाजावर चढवला जाई. भारतात लोखंडाच्या खाणी पुष्कळ आहेत. ओडिशात, झारखंडात, बस्तरात खनिज गोव्यापेक्षा सरस. गोव्याचं नशीब उघडलं ते नदीने. खाणीपासून नदी जवळ, नदीपासून समुद्र जवळ. इथेही पाणीच.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो वर्तमानपत्रांतून बहुतेकांनी वाचलाय. पोर्तुगीज सरकारने खाणींच्या सवलती दिल्या, एकेक साधारण शंभर हेक्टरच्या आतली. जागा अपुरी, म्हणून डंप उभे कड्यासारखे आणि खड्डे अरुंद, खोल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे पोलाद कारखाने पुन्हा उभे राहत होते, त्यांना खनिज हवं होतं. पन्नाशीच्या दशकात गोव्याची निर्यात झपाट्याने वाढली. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते, हे महाराष्ट्रात फारसं कुणाला आठवत नाही. १९८७ साली कायदा करून त्या जुन्या सवलतींच्या लीज झाल्या. आणि २००३-०४ पासून चीन आला.

चीनने काय केलं ते भूशास्त्राच्या भाषेत सांगता येतं. जपानला चांगलं खनिज लागे. कमी प्रतीचं 'रिजेक्शन' म्हणून डंपवर जाई. चीन ते कमी प्रतीचंही घेऊ लागला. काल जो कचरा होता तो आज माल झाला. लोकांनी जुने डंप उकरले. खनिज म्हणजे निसर्गातली ठाम वस्तू नाही, बाजारभाव ठरवतो ती रेघ, हे मी इतकं उघड दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. २०१०-११मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त माल गेला. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणारा न्यायमूर्ती शहा आयोग, १० सप्टेंबर २०१२ला राज्य सरकारची स्थगिती, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी. एप्रिल २०१४च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की या लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७लाच संपली होती. पुन्हा नूतनीकरणं झाली, ७ फेब्रुवारी २०१८ला तीही रद्द झाली, आणि त्या मार्चच्या मध्याला यंत्रं थांबली.

यंत्रांबरोबर पंपही थांबले. भूजल आपल्या जुन्या पातळीला परत आलं आणि खड्डे भरले. आम्ही रॅम्पच्या टोकाशी पोचलो तेव्हा रस्ता सरळ पाण्यात शिरत होता, टायरांच्या खुणांसकट. पाणी हिरवट निळं. माती इतकी बारीक की वर्षानुवर्षं खाली बसत नाही, तीच उजेड विखुरते. आंबट नाही, इथल्या खनिजात गंधक फारसं नाही, त्यामुळे कोळशाच्या खाणीत होतं तसं तेजाब होत नाही. काठावर पाणकावळे होते, म्हणजे मासेही असणार. भाऊंनी पाण्याकडे बोट करून सांगितलं की तळाचा शेवटचा बेंच त्यांनीच आखला होता. आवाजात अभिमान होता, तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही, आणि का वाटावी? त्यांचा मोठा मुलगा ट्रकच्या कर्जात बुडाला, त्याचे दोन ट्रक फाटकाजवळ पाहिलेल्या टिपरांसारखेच कुठेतरी उभे आहेत. आणि घरची विहीर आता मे अखेरपर्यंत पुरते. ही दोन वाक्यं त्यांनी एकाच सुरात सांगितली.

गोव्यात खाणींची चर्चा टनांत होते, रुपयांत होते, नोकऱ्यांत होते. तिन्ही खरे हिशेब आहेत आणि ट्रकवाल्यांचं दुःख शहरातल्या पर्यावरणवाल्यांनी उडवून लावण्यासारखं नाही. पण चौथा हिशेब, लिटरांचा, कुणी मांडत नाही. उन्हाळ्यात नद्या आटल्या की याच खड्ड्यांतलं पाणी पंपाने नदीत सोडून नळयोजनांची वेळ मारून नेली गेलीय. म्हणजे सरकारलाही ठाऊक आहे की हा जलाशय आहे. डिसेंबर २०२२पासून नवे लिलाव झाले, डिचोलीचा ब्लॉक २०२४मध्ये सुरूही झाला, बाकीचे तेव्हा रांगेत होते. माझं मत एवढंच: प्रत्येक खड्डा पुन्हा उपसण्याआधी त्यातलं पाणी मोजा, त्यावर कुठली गावं आणि कुठली कुळागरं जगतात ते नकाशावर दाखवा, आणि मग किंमत करा. काही खड्डे तेव्हाही खाण म्हणूनच परवडतील. काही पाणी म्हणून जास्त मोलाचे निघतील. दोन्ही एकाच वेळी राहू शकत नाहीत, कारण ब्लू डस्ट उचलली की पाणी साठवणारा भुगाच गेला. मग उरतो तो नुसता खड्डा, आणि त्याच्या तळाशी चिकणमाती.

पाहायला जायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात जा. पाऊस नुकताच गेलेला असतो, भिंती धुतलेल्या असतात आणि थरांचे रंग स्वच्छ दिसतात. परवानगीशिवाय आत शिरू नका. गावातला माहीतगार सोबत घ्या, तो दाखवील ते कुठल्या फलकावर नसतं. आणि पाणी कितीही निळं दिसलं तरी त्यात उतरू नका. काठ भुग्याचा आहे, वजन पडलं की सरकतो. आणि पाण्याखाली तोच बेंच आहे, एक पाऊल घोट्याएवढं पाणी, पुढचं पाऊल सहा-सात मीटर.